हातात दिलेला फेटा

किन्हीराजाजवळच्या तांड्यात सोमलाच्या पळण्याच्या इतक्या गोष्टी सांगतात, की निम्म्या खऱ्या धरल्या तरी तो माणूस नसून ससा होता असं वाटावं. ससा-बिसा काही नव्हता. ठेंगणा, रुंद छातीचा, किंचित फेंगड्या पायांचा बंजारा गडी होता. सरळ पळायला लावलं असतं तर तांड्यातल्या निम्म्या पोरांनी त्याला मागं टाकलं असतं. त्याची करामत वेगळीच होती. समोरून अंगावर येणाऱ्याला चकवून त्याच्या काखेखालून निसटावं ते सोमलानंच. ही विद्या कुण्या वस्तादानं दिलेली नव्हती. लहानपणापासून तांड्याची गुरं राखताना, बिथरलेल्या गोऱ्ह्यांच्या पुढून पळून पळून ती त्याच्या अंगात मुरली होती. गोऱ्हा आधी खांदा हलवतो, मग शिंग. तो खांदा ज्याला दिसला तो वाचला, नाही दिसला त्याच्या बरगड्या बसवायला कुणीतरी शोधावं लागे.

पहिल्या जर्मन लढाईपाठोपाठ आलेली मानमोडी तापाची साथ ओसरल्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. होळी झाली, ज्वारी खळ्यातून घरात आली, की मोकळ्या रानात आट्यापाट्यांचे डाव मांडले जात. राखेनं आडव्या पाट्या आखायच्या, त्यांच्या मधून एक उभी रेघ. संघात नऊ गडी, प्रत्येक पाटीवर एकेक राखणदार. त्यानं समोरच्या गड्याला हात लावायचा, पण आपला पाय पाटीवरून सुटू द्यायचा नाही. सुटला की त्याचा हात मातीमोल. पहिल्या पाटीवरच्या गड्याला मधल्या उभ्या रेघेवरूनही धावता येई. त्याला सूर म्हणत, आणि चांगला सूर म्हणजे अर्धा संघ. या साऱ्यांना चुकवून शेवटच्या पाटीपार जायचं आणि तसंच कोरं परत यायचं. आला, की त्यानं लोण आणलं. हात लागला, की बाद.

मालेगाव आणि वाशीम या दोन गावांत या खेळाची जुनी खुन्नस. मालेगावच्या संघाचे कर्तेधर्ते म्हणजे नानाजी. गावातले सगळ्यात मोठे शेतमालक, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की विहिरीपलीकडची माणसं दचकावीत. त्यांनी बैलबाजारात सोमलाला एका उधळलेल्या बैलाच्या शिंगांमधून सुटताना पाहिलं आणि तिथल्या तिथं म्हणाले, "हा पोट्टा आपल्याले पायजे." तांड्याचा स्वतःचा संघ नव्हता. त्यामुळं सोमला मालेगावाकडून खेळू लागला, आणि पुढची काही वर्षं वाशीमकरांना होळीनंतरचे दिवस गोड लागले नाहीत.

पहिल्याच डावात त्यानं लोण आणलं. वाशीमचा सूर त्याच्या डोळ्यांकडं पाहत होता, सोमला सुराच्या खांद्याकडं. खांदा डावीकडं हलला तेव्हा सोमला उजवीकडून गेलेलाही होता. लोक वेड्यासारखे नाचले. पुढं तर वाशीमहून बैलांच्या दमण्या भरभरून माणसं यायची ती नुसती सोमलाला बघायला. आपला संघ हरणार हे ठाऊक असूनही यायची. तिकडच्या एका म्हाताऱ्यानं म्हणे आपल्या गड्यांना सांगितलं होतं, "त्याले पकडू नका रे, तो दमला की घरी जाईन." सोमला दमत नसे, हीच अडचण होती.

मालेगावची एक रीत होती. लोण आणणाऱ्याला मैदानाच्या मधोमध उभं करायचं, डफडं वाजवायचं, आणि नानाजींनी आपल्या हातानं त्याच्या डोक्याला मानाचा फेटा बांधायचा. सोमलाच्या त्या पहिल्या लोणाच्या दिवशी नानाजींच्या पुतण्यानं, मारोतरावानंही लोण आणलं होतं. मारोतराव म्हणजे मालेगावचा सूर, उंचपुरा, सोमलाच्याच वयाचा. त्याला वाजतगाजत फेटा बांधला. मग माणसं उठू लागली, धूळ बसली, आणि कोतवाल सोमलाकडं येऊन घडी घातलेला फेटा त्याच्या हातात देऊन गेला.

सोमला तांड्यात आला तो हवेत. बायकोला, धनीबाईला, फेटा दाखवून म्हणाला, "पाय, नानाजीचा फेटा भेटला."

धनीबाई बायकांच्या घोळक्यातून सगळा खेळ पाहून आधीच परतली होती. चुलीपुढून न उठता तिनं विचारलं, "बांधला कोणं?"

"बांधला म्हंजे? देल्ला न."

"द्यायले तं भिकाऱ्यालेबी देतात," धनीबाई म्हणाली. "मारोतरावाच्या डोक्याले बांधला. तुमच्या हातात देल्ला. तुमाले डोस्कं नाही काय?"

ती रात्र सोमलाची कशी गेली कुणास ठाऊक, पण पुढच्या वर्षी लोण आणल्यावर तो मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, नानाजींच्या समोर, मान वाकवून. डफडं थांबलं. नानाजींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि फेट्याची घडी त्याच्या हातावर ठेवली. "गावच्या गड्याले बांधतो आमी," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तांड्याच्या माणसाच्या डोक्याले हात लावाची आपल्यात रीत नाही, सोमला. मन खट्टू नोको करू. फेटा तोच हाये."

आता इथं कुणालाही राग येईल. पळून आला की त्याच्या घामानं भिजलेल्या पाठीवर थाप मारायला सगळ्या गावाचे हात पुढं होते, रीत फक्त डोक्याजवळ आली की आठवे. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, इथं तर वैद्याला जिवंतच तिरडीवर बसवलं होतं. पण सोमला त्या दिवशी घडी घेऊन घरी गेला. खेळायचंही सोडलं नाही. खेळावर त्याचा जीव होता, आणि पुढच्या वर्षी तरी बांधतील अशी वेडी आशाही. दरवर्षी लोण, दरवर्षी घडी.

घरात फेट्यांचा ढीग जमला. धनीबाईनं एकाची लेकरासाठी झोळी केली. दुसऱ्यानं कडब्याच्या पेंढ्या बांधल्या. सोमला बघत राही आणि हसे, पण हसण्यात काही राम नसे. मग एका पोळ्याला त्यानं सगळ्यात भारी, जरीकाठाचा फेटा काढला आणि आपल्या बैलाच्या डोक्याला असा ऐटीत बांधला, की किन्हीराजाच्या तोरणाखाली सगळी माणसं आपले बैल सोडून त्याचाच बैल बघायला लागली.

बातमी बैलाच्या पायांनी नाही, माणसांच्या तोंडांनी मालेगावला गेली. नानाजींनी सोमलाला बोलावून घेतलं. ओसरीवर चारचौघं बसलेली. मारोतरावही होता.

"आमचा मान तू बैलाच्या शिंगाले बांधला?" नानाजी कडाडले. "लाज नाही वाटली?"

"बैलाच्या डोक्याले तरी म्या आपल्या हातानं बांधला, नानाजी," सोमला म्हणाला. "हातात नाही देल्ला."

मारोतराव पुटपुटला, "गाढवाले गुळाची चव काय." सोमलानं ते ऐकलं. तो म्हणाला, "गूळ तोंडात टाकून पाहा तं खरं. मंग चव सांगतो."

त्या दिवसापासून मालेगावच्या संघात सोमला नव्हता. लोकांना वाटलं, संपला गडी. सोमलाला तसं वाटलं नाही. त्यानं तांड्यातलीच माणसं गोळा केली. तांड्याचे नायक बाबूसिंग त्याला समजावायला आले. "मालेगावच्या बाजारात आपल्याले जा लागते बाबा, वैर कायले घेतं?" सोमला म्हणाला, "नायक, वैर नाही घेत. खेळ घेतो. हरलो तं गुमान घरी येऊ. पण जितलो तं फेटा डोक्याले बांधून घेऊ. नवाच्या नवाले." नायकांनी डोकं हलवलं, पण त्यांचा स्वतःचा पुतण्या दुसऱ्या दिवशी पाटीवर उभा होता.

मग भर आठवडी बाजारात, धान्याच्या ढिगांमध्ये उभं राहून सोमलानं मालेगावला आव्हान दिलं. नानाजींना ते फेटाळता आलं असतं. पण फेटाळलं असतं तर तांड्याला भ्याले असं दुसऱ्याच बाजाराला वाशीमपर्यंत ऐकू गेलं असतं. नाक दाबलं की तोंड उघडतं. सामना ठरला.

तो सामना ज्यांनी पाहिला ते म्हातारे होईस्तोवर त्याबद्दल भांडत राहिले. तांड्याचे गडी नवखे होते, एकेक बाद होत गेला. उरला सोमला एकटा. तो निघाला. पहिल्या पाटीवर मारोतरावाला झुकवला, पुढची पाटी, त्याच्या पुढची, कुणाच्या हाताखालून, कुणाच्या पाठीमागून. शेवटची पाटी ओलांडून तो वळला तेव्हा तांड्याच्या बायका ओरडत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. धनीबाईनं तोंडावर हात दाबून धरला होता. परतीच्या वाटेवरही तो कोराच आला. एकच पाटी उरली, पहिली, मारोतरावाची. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं.

सोमलानं डावीकडं हूल दिली. मारोतराव फसला. आणि फसल्यावर त्यानं हात नाही, पाय पुढं टाकला.

गुडघा मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेतल्या लोकांनी ऐकला. सोमला पाटीच्या अलीकडं तोंडावर पडला. हात लांब केला असता तर रेघेला लागला असता. त्यानं मान वर केली. मारोतराव वर उभा होता, दोन्ही पाय पुन्हा पाटीवर घट्ट रोवून. त्यानं पाटी सोडली नाही. वाकला, हात लांब केला आणि पडलेल्या माणसाच्या पाठीला बोट टेकवलं.

पंच म्हणाले, "बाद."

पाय आडवा आला हे पंचांना दिसलं नाही म्हणे. दिवसाउजेडी, एवढ्या माणसांत! तांड्यातल्या गड्यांनी बाज मागितली तर गावात कुणाच्या घरी बाज सापडेना. शेवटी बाबूसिंग नायकांनी आपल्या पागोट्याची झोळी केली आणि सोमलाला त्यातून नेलं. वाटेभर सोमला एकच गोष्ट म्हणत होता, "पाय टाकला त्यानं. हात नव्हता. पाय होता."

हाड बसवणारा आला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या, पाला लावला. हाड जुळलं, पण गुडघा धड वाकेना झाला. जरा घाईनं चाललं की मध्येच दगा देई आणि माणूस बसल्या जागी कोसळे. असा पाय घेऊन सोमलानं शेत केलं, पोरं वाढवली, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं दर होळीनंतर तांड्याच्या गड्यांना पाट्या आखून शिकवलं. तो बांधावर बसून ओरडे, "डोये नोको पाहू! डोये खोटं बोलतात! खांदा पाय, खांदा!" त्याच्या हाताखालच्या गड्यांनी मालेगावला हरवलंही. पण तोवर नानाजी थकले होते, रीतभात ढिली झाली होती, फेटेबिटे कुणी बांधेना. जिंकलेल्यांना गूळ-फुटाणे वाटायचे आणि घरी पाठवायचे. सोमलाचं डोकं बोडकं ते बोडकंच.

नानाजी गेले. घराची सूत्रं मारोतरावाकडं आली. आणि एका वर्षी, जर्मनीची दुसरी लढाई चालू होती, रॉकेल मिळेनासं झालं होतं त्या दिवसांत, मारोतरावाची दमणी तांड्यात येऊन थांबली. केस पांढरे झालेला मारोतराव खाली उतरला आणि सोमलाच्या अंगणात बाजेवर बसला. पाणी प्याला. मग म्हणाला, "सोमला, औंदा सामन्याच्या दिवशी ये. तुह्या डोक्याले फेटा बांधाचा हाये. म्या सोता बांधतो."

"काहून?" सोमलानं विचारलं.

"काहून म्हंजे? तू एवढा मोठा खेळाडू…"

"तो तं तवाबी होतो."

मारोतराव खाली पाहत म्हणाला, "तुह्या पायाचं मनात राह्यलं रे माह्या."

दमणी गेल्यावर धनीबाई म्हणाली, "घ्या न आता बांधून. एवढी वर्षं जीव टाकला त्याच्यापायी."

"लंगड्याले सारेच फेटे बांधतात," सोमला म्हणाला. "हा फेटा लोणाचा नाही, गुडघ्याचा हाये. गुडघ्याचा मोबदला मले नोको." धनीबाई चिडली. हयातभर ज्यासाठी तळमळलात ते दारात आलं तर त्याला लाथ मारता, असं तिनं बरंच सुनावलं, आणि ते खोटंही नव्हतं. सोमलानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जातो मी. पण फेटा घ्याले नाही. खेळाले."

सामन्याच्या दिवशी मैदान भरलं होतं. वाशीमचे लोक होते, तांडा होता, मालेगाव तर होतंच. मारोतरावानं केशरी फेटा हातावर घेतला आणि चार शब्द बोलायला घसा साफ केला, तेवढ्यात सोमला काठी टेकत मधोमध आला आणि त्यानं काठी फेकून दिली.

"आधी खेळतो," तो म्हणाला. "मंग बांधा. एकच पाटी. पहिली. पाटीपार जातो, परत येतो. सूर तुमीच उभे राहा."

लोक हसले. मग हसणं बंद झालं, कारण सोमला हसत नव्हता. पंचांनी मारोतरावाकडं पाहिलं. मारोतराव फेटा पंचांच्या हाती देऊन पाटीवर जाऊन उभा राहिला.

सोमला खुरडत निघाला. मारोतरावाच्या अगदी समोरून गेला. मारोतरावानं हात उचलल्यासारखा केला आणि हवेतच ठेवला. लोकांनी टाळ्या पिटल्या. सोमला थांबला.

"हात काहून नाही लावला?"

"पोचला नाही."

"खोटं बोलतं," सोमला म्हणाला. मैदानात अहो-जाहो नसतं. "मले भीक घालून राह्यला. पुन्हा सुरवातीपासून निघतो. अन् या वक्ती हात लाव. बाद झालो तं बाद, गुमान घरी जातो. पण सोडून देल्लं तं थुंकतो तुह्या फेट्यावर."

एवढ्या गावासमोर असं ऐकून घ्यायची मारोतरावाला सवय नव्हती. त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं धोतराचा काचा मारला, पाय रोवले. आता त्याचे हात खरे झाले. सोमलाला ते त्याच्या खांद्यांवरून कळलं.

त्यानं उजवीकडं हूल दिली. मारोतराव झुकला नाही. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा खांदा किंचित हलला, आणि लंगडा सोमला डावीकडून पार झाला. मारोतरावाची बोटं त्याच्या अंगरख्याजवळून हवा कापत गेली. आता ओरडा झाला तो खरा होता.

सोमला वळला. परत निघाला. आणि पाटीच्या अलीकडं त्याच्या गुडघ्यानं दगा दिला. तो तोंडावर कोसळला, कण्हला, आणि उठेना.

मारोतराव वर उभा, सोमला खाली. नुसतं वाकून बोट टेकवायचं होतं. मारोतरावाचा हात पुढं आलाही. मग त्यानं पाटी सोडली. दोन्ही पायांनी सोडली, गुडघे टेकले आणि सोमलाच्या काखेत हात घातला. "उठ, सोमला. उठ बाबा. लागलं काय?"

सोमलानं त्याच्याच खांद्याचा आधार घेतला, अंग वर ओढलं, आणि त्याला धरून धरून, पाय फरफटत, रेघेच्या पलीकडं गेला. मग वळून मोठ्यानं म्हणाला, "पाटी सुटली!"

पंचांनी मारोतरावाचे पाय पाहिले. दोन्ही मातीत. बायकांच्या घोळक्यातून पहिलं हसू आलं ते धनीबाईचं. मग तांडा ओरडला, वाशीमकर ओरडले, आणि पंचांना कबूल करावं लागलं, "लोण!"

मारोतराव धुळीत गुडघ्यांवर तसाच होता. "फसवलं तू मले," तो म्हणाला.

"त्या दिवशीबी म्या इथंच पडलो होतो," सोमला म्हणाला. "तवा तू पाटी नव्हती सोडली."

मारोतराव उठला, पंचांकडून फेटा घेतला आणि मैदानाच्या मधोमध आला. सोमला त्याच्यासमोर उभा राहिला, पण यावेळी मान वाकवली नाही. मारोतराव उंच होता, त्याला तशी गरजही नव्हती. डफडं वाजू लागलं. फेट्याचा पहिला वेढा कपाळावर बसला, दुसरा बसला, आणि तिसऱ्याला मारोतरावाची नजर खाली गेली. सोमलाचा गुडघा भराभर सुजत होता, पाय थरथरत होता, घोट्यापर्यंत रक्ताची धार आलेली. हूल नव्हती ती. मारोतरावाचे हात थांबले.

"गुडघ्याकडं काय पाहून राह्यला?" सोमला म्हणाला. "फेटा डोक्याले बांधतात. बांध, कसून बांध."